बारा पायऱ्या

सोमवार, ७ एप्रिल
काल घाईत लिहिलं की डोंगरावरच्या ह्या निवाऱ्याच्या दारापर्यंत अकरा पायऱ्या आहेत. चूक. आज सगळ्यात खालची बर्फातून खोदून काढली, बारा आहेत. शाळेत जायच्या आधी बाबांनी आम्हा दोघा भावंडांना, कुर्दिनला आणि मला, स्वयंपाकघराच्या टेबलाशी बसवून हेच शिकवलं: जे पाहिलं नाही ते लिहायचं नाही.

कामाची जागा फार आवडली. खिडकीतून सगळं एंगाडिन खोरं दिसतं. निवारा सांभाळणारे तुमाशकाका म्हणाले, जवाचं सूप जमेल तसं कर, पण पाचचं काम चुकायचं नाही. रोज पहाटे पाचला समोरच्या उतारावर जाऊन एका पायावर सगळा भार टाकायचा. रात्री गोठलेलं बर्फ बूट झेलतं. ढगाळ रात्री ते गोठत नाही, पाय गुडघ्यापर्यंत जातो. जे दिसेल ते दाराजवळच्या वहीत. पाहुणे तेवढी ओळ वाचून स्की चढवतात.

गुरुवार, १० एप्रिल
कुर्दिन आला! आईने दिलेला अक्रोडाचा केक त्याने वाटेतच अर्धा संपवला. दाराजवळची माझी वही पाहुण्यांना वाचून दाखवत म्हणाला, बघा हो, आमच्या बाईसाहेब बर्फाचंसुद्धा शुद्धलेखन तपासतात. मग माझ्या डोक्यावर टपली मारून, घरच्या नावाने हाक मारत म्हणाला, पण लादी, तू लिहिलंस म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. उद्या खिंडीपर्यंत जाऊन नऊच्या आत परत येणार आहे.

शुक्रवार, ११ एप्रिल
साडेसातला उतारावरचं सगळं बर्फ सुटून खाली आलं. माझा भाऊ अर्ध्यावर होता. त्याचं शोधयंत्र, बर्फाखाली माणूस सापडावा म्हणून अंगावर बांधतात ते, इथे खुंटीवरच आहे. पक्क्या बर्फावर कशाला ओझं, म्हणाला होता.

मंगळवार, १५ एप्रिल
चार दिवस कुत्र्यांनी शोधलं. त्याची स्कीची डावी काठी सापडली, तो नाही. आता बर्फ वितळेपर्यंत थांबायचं म्हणतात. आई फोनवर रडत म्हणाली, कार्टं लहानपणापासून उशिराच निघायचं, उन्हं चढल्यावर गेलं असेल. तुमाशकाका म्हणाले, पोरी, तुझा काय दोष, तू लिहून ठेवलं होतंस.

हो, लिहिलं होतं. ‘पाच वाजता. गोठलेलं, पक्कं.’ रात्रभर ढग होते, मला थंडी वाजत होती. दारासमोरच्या तुडवलेल्या बर्फावर पाय ठेवला आणि आत आले. उतारावर मी गेलेच नाही. तो वेळेवर निघाला होता, मी पाहिलं. हे कुणालाच सांगितलेलं नाही.

शनिवार, १९ एप्रिल
निरभ्र रात्र गेली. उतार काचेसारखा कडक, माझा बूट उमटत नाही. तरी वरून एक वाट खाली आली आहे. एकाच माणसाची, गुडघाभर खोल पावलं. काठीची भोकं फक्त उजवीकडे.

तुमाशकाका म्हणाले, हरीण असेल. मग टोपी काढून तसेच उभे राहिले.

मंगळवार, २२ एप्रिल
सगळ्यात खालच्या पायरीवर ओलं बर्फ. एका बुटाचं.

बुधवार, २३ एप्रिल
दुसरी पायरी.

गुरुवार, २४ एप्रिल
तिसरी. पुसून काढते, सकाळी वरच्या पायरीवर पुन्हा— वही दारापाशीच आहे. त्याला ती ओळ—

आईचा फोन. पुन्हा त्यालाच बोल लावत होती. मी ऐकून घेतलं.

रविवार, २७ एप्रिल
सहावी. रोज एक. भीती वाटते. आणि वाटतं, गारठला असेल, सूप तरी—

आज ती ओळ खोडायला पेन उचललं. तसंच खाली ठेवलं. एकटीने नाही जमणार.

दोनदा मोजलं. बारावी पायरी शनिवारी. आईला शुक्रवारीच वर बोलावलंय. तिच्यादेखत दार उघडणार, वही त्याच्यापुढे धरणार, ती ओळ खोडणार. आणि खाली लिहिणार: मी उतारावर गेले नव्हते. कुर्दिन वेळेवर निघाला होता. शनिवार, ३ मे, पहाटे पाच वाजता.