गरम रोटली

विनूच्या बापूजींना,

सुरतेला मुलाकडे गेल्यापासून तुम्ही फोनवर रोज विचारता, एकटीला जेवण जातं का?

काल शेजारच्या मंजुबेनने मला ताटावर बसवलं. म्हणाली, "आज मी वाढते. जन्मभर तव्यापाशी उभी राहिलीस, गरम रोटली कशी लागते ते तरी ठाऊक आहे का तुला?"

ठाऊक नव्हतं. टम्म फुगलेली रोटली तिने तूप लावून ताटात टाकली. बोटं भाजली, तरी थांबले नाही.

आता आम्ही आळीपाळीने बसतो. आज तिची पाळी.

हे पत्र काही टाकणार नाही. तुम्ही तिकडे बोलावताय, तर दिवाळीनंतर येते, असं फोनवर सांगेन.

कुठल्या दिवाळीनंतर, ते सांगणार नाही.

सिहोरहून, भरल्या पोटी,
जसुमती