दादाची निळी बोट

बाबा,

खुशाली विचारत नाही. आत्याचा फोन आला होता. "तुझ्या बापानं नवस फेडला रे! समुद्रातून वाचलेले टांगतात तशी डोंगरावर मारियामाऊलीच्या चर्चमध्ये बोट टांगली. छताखाली काय झोकात डुलते!" कुठली बोट विचारलं, तर तिनं फोनच ठेवला. बास्तियाँदादानं लाकडात कोरलेली ती छोटी निळीच ना?

आपली होडी उलटली तेव्हा तुम्ही दोघं पाण्यात होतात. तू परत आलास, दादा नाही आला. आणि तू आभार मानलेस? तेही त्याच्याच हातच्या बोटीनं? चर्चच्या शिखरावरची ती सोन्याची माऊली सगळ्या मार्सेलिस बंदरावर नजर ठेवते म्हणे. मग दादाच्या वेळी काय डोळे मिटले होते तिनं?

परवा इथं नॉर्वेच्या समुद्रात लाटेनं मला जहाजाच्या डेकवरून फरफटत नेलं. नशिबानं दोर हाती लागला. तोंडातून काय निघालं माहितेय? "माऊली, वाचव!" वाचलो. त्याचाच जास्त संताप येतोय.

दादाची बोट खाली काढ, मगच घरी येईन, एवढंच लिहिणार होतो. पण हे पत्र टाकलं तर मी वाचल्याचं तुला कळेल, आणि तू धापा टाकत डोंगर चढून दादाच्या बोटीशेजारी माझीही टांगशील. म्हणून टाकत नाही.

तुझा उरलेला,
रेमी