कुंकू भरलेला नंबर

कुरुळी,
९ ऑक्टोबर २०२५

ति. सुमनताईस,
विजूचा नमस्कार.

आज गुरुवार, कंपनीला सुट्टी, म्हणून लिहायला बसले. इकडे सगळं ठीक. स्वरूपाची सहामाही चालू आहे आणि ती गणितावरून माझ्यावरच चिडते, जणू गणित मी शोधून काढलंय. तू पाठवलेली शेंगदाण्याची चटणी तिने आणि सुजितने मिळून फस्त केली. अण्णांसाठी तेलाची बाटली पाठवतेय, रोज लावायला सांग. तुझा सुजित बरा आहे. जेवतो.

तू दोनदा फोन कापलास, म्हणून हा कागद. हा मधेच कापता येत नाही.

तू म्हणालीस, "एका लोखंडी दारापायी सख्ख्या भाच्याचं वाटोळं करायलीस का?" ताई, ते दार कशाचं आहे हे तुला मी सांगायला हवं? आपण दोघी त्या उघड्या वाघिणींच्या सावलीतच वाढलो. मालगाडीचे ते बिनछपराचे डबे वीजकेंद्रात कोळसा घेऊन यायचे, अण्णांची टोळी बाजूची दारं पाडायची आणि फावड्याने ते रिकामे करायची. आता म्हणे अख्खी वाघीण यंत्रात धरून उलटी करतात, सुपातून धान्य ओतावं तशी. कोळसा, खडी, कच्चं लोखंड, वर ताडपत्री टाकली की खतसुद्धा; तिच्यात काय भरत नाहीत! पूर्वी रिव्हेट ठोकून बनायची, आता सगळी मदार वेल्डिंगवर. आमच्या शेडमध्ये तिची फक्त दारं बनतात. दार लटकतं बिजागरीवर, बिजागरी धरते ती वेल्डिंगच्या जॉइंटने, आणि त्या जॉइंटशेजारी वेल्डर आपला नंबर पंचाने, म्हणजे नंबर कोरलेल्या पोलादी ठशाने, ठोकतो. नंबर ठोकला म्हणजे जबाबदारी घेतली. माझा नंबर सतरा.

अण्णांच्या पायावर दार निखळून पडलं तेव्हा मी शाळेत होते. डबा घेऊन तू गेली होतीस. ते तू पाहिलंस, मी नाही. आई मरेपर्यंत शिव्या द्यायला माणूस शोधत राहिली. त्या बिजागरीवर कुणाचा नंबर होता, हे कुणी बघितलंच नाही.

आता फोनवर तू मला बोलू दिलं नाहीस ते. खंडेनवमीला आमच्याकडे कुणी हत्यार चालवत नाही. सगळ्यांचे पंच एका ताटात मांडतात, हळदकुंकू वाहतात, नारळ फुटतो, पेढे वाटतात आणि दुपारी शेड बंद. यंदाही तसंच झालं. सुजित म्हणाला, मावशी तू हो पुढं, मी दोस्तांबरोबर येतो. मी आले घरी.

दसरा झाल्यावर कामावर गेले, तर रवाना व्हायच्या दारांवर माझे नंबर. मी न केलेल्या जॉइंटवर! आणि ताई, सतराच्या खोबणीत कुंकू भरलेलं. ताटातला पंच तसाच उचलून ठोकला होता. मी तिथल्या तिथे खडूने फुल्या मारल्या आणि माल अडवला. यंत्रावर तपासलं, तर जॉइंट आतून पोकळ. मी अडवला नसता तर गेला असता, कारण सतरा नंबर दिसला की तपासनीस नुसती नजर फिरवतो. एवढी पत मी इतकी वर्षं चटके खाऊन कमावली आहे. तीच त्याने वापरली.

हो, सुजितनेच. त्याचे जॉइंट दोनदा नापास झाले होते, तिसऱ्यांदा झाले असते तर घरी पाठवणार होते. मी विचारलं तर आधी नाही म्हणाला, मग रडायला लागला. "मावशी, मला वाटलं तुजा नंबर हाय म्हणल्यावर कुणी बघणार नाही. तुला काय व्हणार नाही."

मला काय होणार नाही! इथे सगळे मलाच विचारतात, नंबर तुझा, मग काम कुणाचं? मी इतके दिवस तोंड मिटून बसले, ते फक्त तो तुझ्या पोटचा म्हणून. सुपरवायझर नवनाथभाऊ समजूत घालायला घरी आले. "ताई, तुमीच चूक झाली म्हणा. तुमाला काय घालवायचे न्हाईत, लई तर ग्राइंडिंगला टाकतील. पोराचं आयुष्य हाय." मी म्हटलं, भाऊ, माझं आयुष्य काय उरलंसुरलं आहे का? चहा न घेता गेले.

मग तुझा फोन आला, आणि तूही तेच म्हणालीस. त्यांच्या बोलण्याचं मला काही वाटलं नाही. तुझ्या बोलण्याचं वाटलं.

नाही, ताई. मी ते माझ्या नावावर घेणार नाही. ग्राइंडिंगला गेले तरी पोट भरेल, पगाराचा प्रश्न नाही. खोटा जॉइंट माझा म्हणून मान्य केला, तर मी आजवर केलेलं प्रत्येक दार संशयाचं होईल, आणि ती दारं आज कुठे कुठे, कुणाकुणाच्या डोक्यावर आहेत कोण जाणे. आणि सुजित? तो एवढंच शिकेल की मावशी आहे, खपून जातं. असा वेल्डर मला वाघिणीजवळ नको. माझा भाचा असला तरी नको. भाचा आहे म्हणून तर नकोच.

उद्या सकाळी मॅनेजरसाहेबांनी बोलावलंय. आज जेवताना मी सुजितला सरळ सांगितलं, तू स्वतः बोललास तर मी तुझ्या शेजारी उभी राहीन, नाही बोललास तर समोर उभी राहून तुझं नाव घेईन. ताटावरून उठून गेला. थोड्या वेळाने आला आणि उरलेलं जेवला. काय करील, मला माहीत नाही. नोकरी गेली तरी घर जाणार नाही त्याचं. इथे बरकतभाईंचं ग्रिलचं दुकान आहे, त्यांच्याशी बोलून ठेवलंय. खिडक्यांच्या जाळ्यांवर हात बसवू दे. रोज संध्याकाळी त्याचे जॉइंट मी स्वतः फोडून बघणार आहे.

हा कागद तुझ्या हातात पडेल तोवर व्हायचं ते होऊन गेलेलं असेल. तुला विचारत नाहीये, कळवतेय. फोनवर तू म्हणालीस, त्याचं नाव घेतलंस तर तू माझी बहीण नाहीस. ते ठरवणारी तू कोण गं? मला काही तू बहीण केलेलं नाहीस.

तू मान किंवा नको मानूस,
तुझीच धाकटी बहीण,
विजयश्री