लाउंजवर पाळत

१९ ऑगस्ट
शू हुईकडून तिकिटं आली. सिएटलची, बिझनेस क्लास. पोरगी तिकडे गेल्यापासून आम्ही दरवेळी मागे बसूनच गेलो, गुडघे हनुवटीला टेकवून. आता एकदम बिझनेस? फोन करून विचारलं, काय भानगड आहे? म्हणाली, "भानगड कसली, पा? आईचे गुडघे दुखतात आणि माझ्याकडे पॉइंट्स साठलेत."

मी एकतीस वर्षं सिंगापूरच्या कस्टम्समध्ये काढली, तीही मलेशियाच्या हद्दीवरच्या वुडलँड्स नाक्यावर. ज्याला काही दडवायचं असतं तो अडखळत नाही, उत्तर तयार ठेवून येतो. शू हुई अजिबात अडखळली नाही.

ग्वेक चू नुसती हसली. बायकोला असल्या गोष्टी कळत नाहीत.

२२ ऑगस्ट
तिकिटात लाउंजही आहे. शेजारचा अँथनी एकदा जाऊन आलाय. म्हणाला, खायचं, प्यायचं, लोळायचं, वर आंघोळसुद्धा करायची, एक डॉलर कुणी मागत नाही. विमानतळावर माणसाला कपडे काढायला लावून यांना काय मिळतं, हा प्रश्न अँथनीला पडला नाही. चाळीस वर्षं बँकेत होता, त्यामुळे माणसांवर विश्वास.

निश्चय केला. लाउंजमध्ये सरळ बसायचं. बॅगा नजरेआड होऊ द्यायच्या नाहीत. पाण्याशिवाय कशाला हात लावायचा नाही. हा निश्चय ग्वेक चूला वाचून दाखवला. ती इस्त्री करत होती. म्हणाली, "तू पाणी पी. मी लाक्सा खाणार." नारळाच्या दुधातल्या त्या तिखट शेवयांवर तिचा जीव.

२९ ऑगस्ट
ग्वेक चूचं वागणं नीट वाटत नाही. जायचंय दोन आठवडे, आणि कोट घेतले दोन, जाडजूड. ऑर्किडच्या कुंड्या अँथनीच्या बायकोकडे पोचवल्या. विचारलं तर म्हणाली, "बस जरा, पा. मला तुझ्याशी बोलायचंय." (पोरगी झाल्यापासून तीही मला 'पा' म्हणते.)

बसणारच होतो. तेवढ्यात लिफ्टजवळ एक इसम विजेची पेटी उघडताना दिसला. खाली जाऊन त्याचं ओळखपत्र तपासलं, मग त्याच्या ऑफिसात फोन करून खात्री केली. निघाला वायरमन. पण असे वायरमन निघेपर्यंत वायरमन नसतात. वर आलो तर ग्वेक चू झोपली होती.

५ सप्टेंबर
केस सुटली!

ग्वेक चूची बॅग तपासली (सवय). माझ्या बॅगेच्या दुप्पट. उन्हाळ्याचे कपडे, हिवाळ्याचे कपडे, पोहण्याचा पोशाख, शिवणाची पेटी, अगरबत्तीचा डबा. एवढं सामान कोण नेतं? ज्याला मुक्काम ठोकायचाय तो. आणि शू हुईला दुसरं मूल नोव्हेंबरात होणार आहे! म्हणजे बिझनेस क्लास ही चक्क लाच आहे. आधी मऊ खुर्चीत बसवायचं, खाऊ घालायचं, आणि तिथे पोचलो की गळ घालायची, पा, थांब ना, बाळाला आजोबा हवेत. पाच-सहा महिने डायपर बदलत बसायचं मी! ग्वेक चू त्यांना सामील आहे. भोळी आहे, फितवली असणार.

माझं परतीचं तिकीट २३ तारखेचं आहे आणि मी २३लाच परतणार. नकार कसा द्यायचा ते ठरवलंय. प्रेमळ पण ठाम. आरशासमोर दोनदा म्हणून पाहिलं. "शू हुई, बापाचं मन मोठं असतं, पण त्यालाही स्वतःचं घर असतं." दुसऱ्या वेळी मलाच डोळे पुसावे लागले. तिथे रडायचं नाही.

९ सप्टेंबर, सकाळ. चांगी विमानतळ
लाउंजमध्ये बसून लिहितोय.

दारातल्या मुलीने "वेलकम, मिस्टर सिया," म्हणून नावानिशी स्वागत केलं. हिला नाव कुणी सांगितलं? पास तिच्याच हातात होता हे नंतर लक्षात आलं. तरीपण. तिच्या छातीवर फरहाना अशी पाटी. तिचं नाव मीही टिपून ठेवलं.

इथली खुर्ची फार खोल आहे. एकदा बसलं की पटकन उठता येत नाही. हे चुकून झालेलं नाही. दिवे मंद. पाण्यात काकडीची चकती. पाण्याला कसला तरी वास आहे तो झाकायला काकडी, उघड आहे.

इथे चांगीला सामानाची तपासणी थेट गेटवर होते. म्हणजे या क्षणी या हॉलमधल्या एकाही पिशवीत काय आहे ते कुणालाच माहीत नाही. आणि लोक खुशाल अंडी फोडून खातायत.

ग्वेक चू लाक्साचा दुसरा वाडगा घेऊन आली. नाकाला घाम, गाल लाल. इतकी खूश मी तिला बऱ्याच दिवसांत पाहिली नाही. म्हणाली, "पा, आता तरी ऐक. मला जे सांगायचंय ना—"

मी म्हटलं, हळू बोल, इथे ऐकतात. तिने वाडग्यात डोकं घातलं.

थोड्या वेळाने
एक काया टोस्ट खाल्ला, म्हणजे नारळ-अंड्याचा जॅम लावलेला. पुरावा म्हणून. चवीत काही संशयास्पद आढळलं नाही, म्हणून खात्रीसाठी आणखी एक. मग दोन हाफबॉइल्ड अंडी, कारण टोस्ट नुसता खाणं नजरेत भरलं असतं. निश्चय कायम आहे.

त्यानंतर
बाटिकचा शर्ट घातलेला एक गृहस्थ आमच्या समोर येऊन बसला. सत्तरीचा, केस चापून बसवलेले. पायाशी कापडी पिशवी. ती पिशवी तो पायाने सारखी आत ओढतो. माझ्या नोकरीच्या काळात असं करणारा एकही माणूस मी सोडला नाही. एकदोघांना सोडायला हवं होतं, ते वेगळं.

ग्वेक चूशी त्याने बोलणं काढलं. ओलिव्हेरो नाव. दातांचा डॉक्टर होता म्हणे, बायको वारली, सिएटलला बहिणीकडे निघालाय. आमच्याच विमानाने! ग्वेक चू त्याला मीठमसाला लावून सगळं सांगत सुटली. मी कोपराने खुणावलं. म्हणाली, "कोपर काढ, सूप सांडेल."

मी बॅगांभोवती एक फेरी मारून आलो तर दोघं हसत होते. मला बघून हसणं थांबलं नाही. हे जास्त वाईट.

ती कॉफी आणायला उठली तेव्हा तो माझ्याकडे झुकून हळूच म्हणाला, "मिस्टर सिया, पाच महिने बायकोशिवाय जेवणाचं कसं करणार तुम्ही?"

चेहरा कोरा ठेवला. पाच महिने. बायकोशिवाय. ही धमकी होती, नाहीतर खुणेचं वाक्य. मी उलट विचारलं, पिशवीत काय आहे? तो म्हणाला, "केक." आणि पिशवी पायाने आत ओढली. न अडखळता बोलला.

कर्तव्य म्हणून थेट फरहानाकडे गेलो. सांगितलं, बाटिक शर्ट, कापडी पिशवी, माझ्या बायकोबद्दल वेडंवाकडं बोलतोय, पिशवी उघडायला लावा. ती म्हणाली, "अंकल, तुम्ही बसा, मी तुम्हाला आल्याचा चहा देते." मी म्हटलं, चहाने मी गप्प बसणार नाही. आवाज जरा चढला असेल. मागच्या खुर्च्यांतले लोक वळून बघायला लागले. फरहानाने वरच्या साहेबाला बोलावलं. त्याने फारच अवघडून, मिस्टर ओलिव्हेरोंची माफी मागत मागत विचारलं.

ओलिव्हेरो उठला. पिशवी टेबलावर ठेवली. आतून डबा काढला, डब्यावरची रिबीन सोडली. केक होता. रव्याचा, वर बदाम लावून "डोरीन ७०" लिहिलेलं.

इथे मी थांबायला हवं होतं, असं ग्वेक चूचं म्हणणं. पण नाक्यावर आम्ही वरवर बघून सोडत नसू. मी सवयीने मधोमध बोट घातलं. पार खालपर्यंत.

रवाच होता.

बोट पुसायला फरहानाने नॅपकिन दिला. ओलिव्हेरो डब्याकडे बघत म्हणाला, "असू दे. माझ्या बहिणीला दिसत नाही आता नीट. बदाम सरकवून झाकता येईल." एवढं म्हणून तो खरोखरच एकेक बदाम सरकवायला लागला. ग्वेक चू कॉफीचे कप हातात धरून उभी होती. तिने कप ठेवले आणि त्याच्याबरोबर बदाम सरकवायला बसली. माझ्याकडे तिने बघितलं नाही.

त्याच दिवशी, बोर्डिंगआधी
ग्वेक चूने मला खिडकीशी नेलं. बाहेर आमचंच विमान उभं होतं.

म्हणाली, "मी पाच महिने राहणार आहे. बाळ होऊन तीन महिन्यांचं होईपर्यंत. माझं परतीचं तिकीट फेब्रुवारीचं आहे. तुला जेवताना सांगितलं तेव्हा तू समोरच्या गॅलरीतला माणूस बघत होतास. रविवारी सांगितलं तेव्हा 'हं' म्हणालास. अँथनीला माहीत आहे, त्याच्या बायकोला माहीत आहे, आज भेटलेल्या दातांच्या डॉक्टरला माहीत आहे."

मी म्हटलं, एवढंच ना. मग मीही राहतो. मी नकार देणार होतो, पण तुमची इतकी इच्छाच असेल तर मन मोठं करतो. तिकीट बदलता येतं.

ती म्हणाली, "नको, पा."

मी विचारलं, शू हुई काय म्हणते? ती म्हणाली, शू हुईने तुला दोन आठवडेच बोलावलंय. घर लहान आहे. मी म्हटलं, मी कोपऱ्यात राहीन. मला काय लागतं?

मग ती विमानाकडे वळली. म्हणाली, "गेल्या वेळी मी तिथे एकटी गेले होते ना, महिनाभर? तिथे मी फ्रिज उघडला तर कुणी मान वर करून बघत नव्हतं. फोन वाजला तर कुणाचा म्हणून कुणी विचारत नव्हतं. एक दिवस मी बाहेर पडले आणि तळ्याकाठी बसून राहिले, आणि घरी आल्यावर कुठे होतीस असं विचारलंच नाही कुणी. मला रडू आलं, पा. इतकं बरं वाटलं."

मी विचारलं, कुठलं तळं?

ती हसली की काय केलं ते नीट दिसलं नाही. विमानात बसायची घोषणा झाली.

९ सप्टेंबर, विमानात
खुर्ची पूर्ण आडवी होते. आमच्या दोन खुर्च्यांमध्ये एक पडदी आहे, बटण दाबलं की वर येते. ग्वेक चूने वर केली. एसीचा झोत तिच्या अंगावर येत असणार.

तिच्याबद्दल संशय नाही. थकलीय. गुडघे दुखतात. सिएटलला चार दिवस काढले की स्वतःच म्हणेल, पा, चल घरी.

१४ सप्टेंबर, सिएटल
अजून म्हणाली नाही.

आज सकाळी ती बाहेर गेली. मी विचारलं नाही कुठे. दुपारी परत आली. तेव्हाही विचारलं नाही. सुधारणा झालीय माझ्यात, हे तिच्या लक्षात आलं असेल. बुटांना ओली माती होती आणि गवताची दोन पाती. म्हणजे तळं उत्तरेच्या बाजूचं.

२० सप्टेंबर
शू हुईने राहण्याचा विषय अजून काढलेला नाही. संकोच वाटत असेल. सोपं जावं म्हणून मी आपणहून म्हटलं, बाळाला आजोबा लागतात, असं मी कुठेतरी वाचलंय. ती म्हणाली, "हो पा, व्हिडिओ कॉल करू ना रोज." जावई डेरेकने माझी बॅग किती किलोची झालीय ते विचारलं. मी भरलीसुद्धा नव्हती.

नकाराचं भाषण तसंच राहिलं. जुळवून होकाराचं करता येईल का ते बघितलं. "बापालाही स्वतःचं घर असतं" हे वाक्य आडवं येतं.

२३ सप्टेंबर, सिएटल विमानतळ, लाउंज
सगळे सोडायला आले होते. ग्वेक चूने माझ्या मफलरची गाठ मारून दिली, गोळ्या कुठल्या कप्प्यात आहेत ते दाखवलं. जाडा निळा कोट तिला शोभतो. "जेवत जा," म्हणाली. मी म्हटलं, तू काळजी करू नकोस, मी घरावर नीट लक्ष ठेवीन. ती म्हणाली, "हो, ते तू ठेवशीलच."

इथल्या लाउंजमध्ये दारातल्या बाईने विचारलं, एकटेच का? मी म्हटलं, मिसेस मागून येतायत. कशाला उगीच तिऱ्हाईताला सगळं सांगायचं?

खिडकीजवळ शेजारशेजारच्या दोन खुर्च्या मिळाल्या. सूप आणलं. इथे लाक्सा नाही, टोमॅटोचं काहीतरी आहे. बॅगा पायाशी. आजूबाजूला कोण कोण आहे ते पाहून घेतलं. कुणीच काही करत नव्हतं. सगळे आपापल्या फोनमध्ये.

बाजूच्या खुर्चीवर टिश्यूचं पाकीट ठेवून जागा धरली. सिंगापुरात कुठल्याही फूड सेंटरमध्ये टेबलावर टिश्यूचं पाकीट दिसलं की माणूस दुसरी जागा बघतो. पंतप्रधान आले तरी उचलणार नाहीत.

पंधराएक मिनिटांनी एक उंच गोरा माणूस आला. त्याने पाकीट उचललं, माझं पडलंय असं समजून माझ्या हातात दिलं, आणि छान हसून खुर्चीत बसला.

मी थँक्यू म्हटलं.