साखर न घातलेल्या करंज्या

बोरगाव मेघे, वर्धा
रंगपंचमी, दि. ८ मार्च २०२६

तीर्थरूप अक्कांस,
देवकाचा शिरसाष्टांग नमस्कार.

आम्ही सगळे बरे आहोत. तुमच्या भावाचा खोकला गेला. तळेगावला ऊन आत्ताच चढलं म्हणतात, तर दुपारचं शेताकडे जाऊ नका. तुमच्या गावचे पुंडलिकराव उद्याच्या बसने तिकडे येताहेत, त्यांच्या हाती हे पत्र आणि एक डबा देते आहे. डबा पत्र वाचून झाल्यावर उघडा.

पत्र अशासाठी, की परवा तुम्ही तुमचं बोलून फोन ठेवून दिला. "ज्या पोरीनं ग्रहणात खाल्लं, ते देवीच्या निवेदाले हात नाई लावन. चैत्रात येशीन तं तिले घरीच ठेवजो." माझ्या तोंडातून 'अक्का' एवढंच निघालं होतं. हे म्हणाले, "जाऊ दे, आक्काले काऊन डिवचतं?" मी डिवचत नाही. उत्तर देते आहे.

रिव्का सून होऊन आपल्या घरी आली त्याला दोन वर्षं झाली. ती पेणची, बेने इस्राएल म्हणजे कोकणातली ज्यू, मराठी तुमच्या-माझ्याहून साफ. तिची आई आता भावाजवळ परदेशात राहते. अंकुशनं तिच्याशी लग्न केलं तेव्हा मीही चार दिवस जेवले नव्हते, ते तुम्हाला ठाऊक आहे. आता तसं राहिलं नाही.

तिचा पुरीमचा सण आपल्या होळीलाच येतो. तिच्या आजीकडे तर त्याला होळीचा सणच म्हणत. एस्तेर नावाच्या राणीनं उपास धरला आणि आपल्या माणसांना मरणातून सोडवलं, त्याची आठवण. आदल्या दिवशी उपास, दुसऱ्या दिवशी गोडाधोडाचं जेवण, शेजारी ताट पाठवायचं, गरिबाला द्यायचं. यात वावगं काय ते मला अजून सापडलं नाही.

सोमवारी आम्ही दोघी करायला बसलो. तिची करंजी तीन टोकांची, आणि तळायची नाही, भाजायची. ओव्हन घ्यायचं अंकुश म्हणत होता, मी घेऊ दिलं नाही. जुन्या गंजात रेती तापवली, वर ताटली ठेवून झाकण घातलं, झालं काम. पहिल्या घाण्याची टोकं उकलली. मग मी कडेला दूध लावून आपल्यासारखी मुरड घातली, तेव्हा धरली. तिनं बोट फिरवून पाहिलं. म्हणाली, "आई, एस्तेर राणी वऱ्हाडात आली की हो!"

तिचा उपास चांदण्या दिसेपर्यंत, माझा होळी पेटेपर्यंत. शिवाय नैवेद्याचं मी कधीच चाखत नाही. म्हणून कोणीच चाखलं नाही.

मंगळवारी ग्रहण. सूर्य उगवला तेव्हापासून वेध, आणि तिचं सणाचं जेवण दिवसाउजेडीच व्हायला हवं. मी डब्यावर तुळशीचं पान ठेवलं. ती म्हणाली, "आई, तुमचं मोडू नका, मी एकटी जेवते." अंकुश ड्युटीवर, हे देवळात जपाला. तिनं शेजारच्या अन्नपूर्णाबाईंकडे ताट पोचवलं, येऊन हात धुतले, हिब्रूतली तिची प्रार्थना म्हटली आणि खिडकीजवळ बसली. मी माळ घेऊन समोर.

तिनं करंजीचा तुकडा मोडला. तोंडात घातला. थांबली.

"काय झालं?"

"काही नाही. छान झालीय."

अक्का, ती पोर खोटं बोलली की कान लाल होतात. दोन्ही लाल. मी विचारलं, "सारणात पिठीसाखर घातली होती ना तू?" ती म्हणाली, "मी? तुम्ही नव्हती घातली?"

अन्नपूर्णाबाईंनी तुम्हाला काय कळवलं ते मला माहीत आहे. त्या रिकामं ताट परत द्यायला आल्या, आमचं हसणं ऐकून दारातूनच म्हणाल्या, "काय वो देवकाबाई, येवढ्या हासून काऊन राह्यल्या?" रिव्का जेवताना त्यांना दिसली, तेवढंच त्यांनी सांगितलं. मला रोजचा खर्च लिहायची सवय आहे. अर्धीच रक्कम मांडलेली मला चालत नाही, तशी अर्धी बातमीही.

खिडकीजवळ ताटं दोन होती. दुसरं माझं.

तिनं नको नको म्हटलं तरी मी हातातली माळ देव्हाऱ्यात ठेवली, आणि करंजी उचलून खाल्ली. खोबरं, खसखस, आणि साखरेचा पत्ता नाही. मग तिच्या शेजारी बसून भात खाल्ला, भाजी खाल्ली. बत्तीस वर्षांत वेधात मी पाण्याचा घोट घेतला नव्हता, पुढल्या ग्रहणातही घेणार नाही. पण सणाच्या दिवशी माझ्या घरची लेक एकटी जेवणार नाही. देवीला काय सांगायचं ते माझं मी सांगितलं आहे. अन्नपूर्णाबाईंनी माझं ताट पाहिलं आणि माझी लाज राखली. त्यांचे उपकार. मला ती राखायची नाही.

तेव्हा आता तुम्ही ठरवा. ग्रहणात खाल्लेल्या बाईनं नैवेद्याला हात लावायचा नसेल, तर चैत्रात पुरण वाटायला दुसरी कोणी बघा. आणि मी चालत असेन, तर रिव्काही येईल, माझ्या शेजारी बसून पुरण वाटेल. एक येणार नाही. येतील तर दोघी.

डब्यातल्या करंज्या आज सकाळी भाजल्या. साखर घातली आहे. पाठवण्याआधी मी चाखून पाहिली, जन्मात पहिल्यांदा.

डबा रिकामा परत पाठवायची आपल्याकडे रीत नाही, हे तुम्हीच मला नवी नवरी असताना शिकवलं. आणि न उघडताच परत करायचा असेल, तर पुंडलिकरावांच्या हाती देऊ नका. स्वतः या, आणि जिनं केल्या तिच्या हातात द्या. मी दारातच उभी असेन.

रिव्काची सासू,
देवका