नापास चाचणीखालची तुझी ओळ

प्रिय सुनंदाताई,

पुण्याच्या महासंगणकावरचं तुझं खातं बंद करायचा आदेश आज आला, म्हणून लिहितोय. तू जाऊन आठ महिने झाले. तरी त्या यंत्रावर कुठलंही सॉफ्टवेअर उघडलं की बसवणाऱ्याच्या जागी तुझंच नाव येतं.

यंत्र पुण्यात, आणि आपण दोघं भंडाऱ्यात, पितळी भांड्यांच्या दुकानावरच्या खोलीत. तिथंच तू मला शिकवलंस. "हर्षल, शास्त्रज्ञांचं सॉफ्टवेअर आणलं अन् ठेवलं, असं नसते. त्या यंत्रावरच घडवा लागते, जोडीच्या धा गोष्टी जुळवा लागतेत. अन् तपासल्याबिगर कोणाले देऊ नोको."

मी न तपासताच दिलं! वैनगंगेच्या पुराचं गणित करणारं सॉफ्टवेअर होतं. संशोधन करणारी मेघा घाईत होती. तू म्हणालीस, आधी चाचण्या चालव. मी म्हणालो, "कायले वेळ घालवून राहिली ताई? चालून तर राहिलं!"

तू पिशवी उचललीस आणि लाखांदूरला घरी जायची एसटी धरलीस. दोन शब्द तरी सुनावायचे होतेस!

दुसऱ्या दिवशी दुपारी तुझा फोन आला. दोनदा. रागावशील म्हणून मी उचलला नाही. संध्याकाळी कळलं, मेंदूत रक्तस्राव झाला, तू गेलीस.

खातं बंद करण्याआधी आज तुझं फोल्डर उघडलं. घरी बसून त्या चाचण्या तूच चालवल्या होत्यास! शेवटची नापास. वेग वाढवायला मी जे बदललं होतं, त्यामुळे सॉफ्टवेअर पुराची पातळी खऱ्यापेक्षा कमी दाखवत होतं. खाली तुझी ओळ: "हर्षलले लगेच सांगायचं."

फोन त्यासाठी होता.

मेघाला कळवलं. ती म्हणाली, "सर, माझं सगळं काम यावरच उभं आहे." चूक माझी, ताईंची नाही, एवढंच सांगू शकलो. तेव्हापासून सॉफ्टवेअर नव्यानं घडवतोय. या वेळी एकही चाचणी सोडलेली नाही.

तेरवीला तुझ्या आईनं विचारलं होतं, "बापू, माह्या पोरीनं शेवटी कोणाले फोन लावला होता? तुले मालूम हाये का?" मी नाही म्हणालो. ताई, त्या माऊलीच्या तोंडावर नाही म्हणालो!

रविवारी लाखांदूरला जातो. तिच्यासमोर बसून सांगेन की फोन मला होता, आणि मी उचलला नाही.

तुझ्या हाताखाली शिकलेला,
हर्षल