अक्का, मी उड्या मारते

भाजे,
गुरुवार, ता. ५ डिसेंबर २०२४

ती. सौ. अक्कास,

उजीचा पाया पडून नमस्कार. आशीर्वाद दे नाहीतर देऊ नकोस, वाकायचं ते मी वाकले.

इकडे सगळं ठीक. भात झोडून झाला, पेंढा अजून खाचरातच पडलाय. दोन्ही पोरं तळेगावला कंपनीत जातात, घरी येतात ती फक्त जेवायला आणि फोन चार्ज करायला. ह्यांची लोहगडाच्या वाटेवरची चहा-भज्यांची टपरी शनिवार-रविवार बरी चालते. सासूबाईंना ऐकू कमी येतं, पण आपल्याविषयी कुणी बोललं की बरोबर येतं.

तुला फोन केला तर तू उचलत नाहीस. व्हॉट्सॲपवर लिहावं तर तुझा फोन सुनेच्या हातात. म्हणून हे पत्र. दाराला कडी लावून वाच, आणि अर्ध्यात फाडायचं मनात आलं तर आधी शेवट वाच, मग फाड.

परवा दत्तूभाऊ येऊन गेला. चहा अर्धाच प्यायला, तेव्हाच ओळखलं की भाऊ काहीतरी निरोप घेऊन आलाय. कोमलचं डोहाळजेवण पंधरा तारखेला, ह्यांना बोलावणं, पोरांना बोलावणं, सासूबाईंनासुद्धा. आणि मला तुझा निरोप, की माझ्या पोरीच्या ओटीवर उजीची सावली नको. बिचाऱ्याला एवढं सांगताना घाम फुटला. मी त्याला म्हटलं, भाऊ, तू पोस्टमन आहेस, तुझ्यावर राग नाही. मग जाता जाता तो असंही म्हणाला की मी ओसरीवर उड्या मारते हे तुमच्या सोमाटण्यापर्यंत पोचलंय, आणि तू म्हणालीस, केलेलं फेडतीये, डोक्यावर परिणाम झालाय तिच्या.

तर आधी उड्यांचं सांगते. खरं आहे. मी रोज सकाळी भाकऱ्या झाल्या की ओसरीवर उड्या मारते, सगळ्या आळीदेखत. डोकं जागेवर आहे.

शेजारच्या बंगल्यात मुंबईची माणसं येऊन राहायची. त्यांनी बंगला विकला तेव्हा बरंच सामान टाकून दिलं, त्यातलं हे. परातीपेक्षा मोठं, बाजेपेक्षा लहान, गोल, सहा पायांचं, मधे ताणून बसवलेलं काळं कापड आणि कडेनं स्प्रिंगा. ट्रॅम्पोलीन म्हणतात. मी धुऊनपुसून ओसरीवर ठेवलं, तर सासूबाईंनी पहिल्याच दिवशी त्यावर वाल वाळत घातले. मी काढले. त्यांनी परत घातले. शेवटी सकाळ माझी आणि दुपार वालांची, असं ठरलं. हल्ली दुपारी घरी आले की म्हातारी त्यावर बसून मस्त झोके घेत असते आणि मला बघून म्हणते, वाल राखतीये.

त्याचा गुण आहे, अक्का, थट्टा नाही. जमिनीवर उडी मारली की दणका थेट गुडघ्यात जातो, इथं तो कापडातच जिरतो. माझा डावा गुडघा जिना उतरताना कुरकुरायचा, तो गप्प झाला. डोक्यावर भारा घेऊन बांधावरून चालताना तोल जायचा, तो सावरला. पोटऱ्यांत, मांड्यांत जोर आला. लेण्यांच्या पायऱ्या मधे न बसता चढते, आणि वर जाऊन बोलूही शकते, हे ह्यांना फारसं आवडलेलं नाही. हे मला म्हणाले, अगं वय काय, लोक हसतात. मी म्हटलं, लोकांना हसायला फुकट मिळतंय, हसू देत. पन्नाशीच्या बाईनं भारा उचलावा, निवडावं, सारवावं, त्याला कुणी हसत नाही. तिनं स्वतःसाठी चार उड्या मारल्या की मात्र आळीच्या पोटात दुखतं. भांड म्हणालीस तरी चालेल, मी थांबणार नाही.

आता तू विचारशील, एका गुडघ्यासाठी एवढा खटाटोप? गावाला मी गुडघाच सांगते. तुलाही तेवढंच लिहून पत्र संपवणार होते. कालपासून दोन कागद फाडले. पण तू माझ्या सावलीवर आलीस, मग मी का झाकू?

मला लघवी सुटते, अक्का. खोकले, शिंकले, खळखळून हसले, घागर उचलली, की सुटते. धाकट्याच्या वेळेपासून. त्याचं डोकं मोठं, मला किती कळा आल्या तुला माहीत आहे, तूच होतीस उशाशी. आणि सव्वा महिना झाला न झाला तोच मी लावणीला वाफ्यात उभी होते. तेव्हापासून तोंड दाबून बुक्क्यांचा मार. ह्यांना नाही सांगितलं, सासूबाईंना नाही, तुलाही नाही. सोमाटण्याला यायचं तर सकाळपासून पाणी बंद. साडी काळी नाहीतर गडद निळी. तू म्हणायचीस, उजीला रंगाची आवडच नाही. अगं, मला पिस्ता रंग किती आवडतो.

कोमलच्या हळदीला तो नेसले, ही माझी हौस. पोटी मुलगी नाही मला, पण तुझी कोमल तीन वर्षं माझ्याकडे राहून शाळेत गेली, तिच्या वेण्या मी घातल्या. म्हटलं, आजच्या दिवशी काळं नेसून नाही उभी राहायची.

आणि तूच मला ओढलंस. म्हणालीस, उजे, चल, तुझ्याशिवाय फुगडी कसली. लग्नाआधी आपल्या दोघींची फुगडी बघायला वरची आळी यायची, आठवतं? मी कोमलचे हात धरले, पाय जुळवले, गिरकी घेतली. ती पोरगी हसत होती, मी हसत होते, बायका ओरडत होत्या, आणि तिसऱ्या का चौथ्या फेऱ्याला सगळंच सुटलं. थेंब नाही, अक्का. धार. पायापर्यंत. पिस्ता साडीवर. मांडव भरलेला, समोर नवऱ्याकडची माणसं उष्टी हळद घेऊन आलेली, तुझे व्याही खुर्च्यांवर.

मला समोर फक्त कळशी दिसली. पाटाशेजारी ठेवलेली, हळद कालवलेली, कोमलच्या न्हाणाची. मी ती उचलली आणि स्वतःवर ओतली. कमरेपासून खाली पिवळी झाले. पिवळ्यात बाकीचं कुणाला दिसलं नाही. मी त्या क्षणी देवाचे आभार मानले, खरं सांगते.

आणि तू सगळ्यांसमोर म्हणालीस, "माझ्या पोरीचं न्हाण तुला बघवलं न्हाई व्हय गं?"

मी काय उत्तर देणार होते? खरं बोलले असते तर लाज, आणि गप्प राहिले तर जळकी. ओल्या साडीनं रिक्षात बसून मळवलीपर्यंत आले. त्या दिवसापासून मी तुझी कुणी नाही.

तेही सोसलं. पण मग कोमलचा पहिला गर्भ टिकला नाही, आणि तू आत्यापासून मामीपर्यंत सगळ्यांना सांगितलंस की मावशीनं हळद पळवली म्हणून कूस रिती झाली. उचलली जीभ आणि लावली टाळ्याला. हे मात्र मी सोसणार नाही. कळशीभर पाण्यात तेवढी ताकद नसते, अक्का. माझ्या मनात त्या पोरीविषयी वाईट आलं नाही, स्वप्नातही नाही. तिचा गर्भ गेला तेव्हा मी दोन दिवस जेवले नाही आणि तुझ्या दाराशी येऊन परत फिरले, कारण तुझ्या सुनेनं दार उघडलं नाही. माझी चूक नाही. कोमलचीही नाही. तिला हे कुणी सांगितलंय का? नसेल तर पंधरा तारखेला मी सांगणार आहे.

गुडघ्यासाठी मी कामशेतला प्रेरणा मॅडमकडे गेले होते. व्यायामानं बरं करणाऱ्या डॉक्टर आहेत, कोमलहून थोड्याच मोठ्या. त्यांनी गुडघा बघितला, मग दार लावून घेतलं आणि विचारलं, "मावशी, हसताना, खोकताना कपडे ओले होतात का?"

इतक्या वर्षांत हे मला कुणी विचारलं नव्हतं. मी तिथं अशी रडले की बाहेरच्या बायकांना वाटलं, गुडघा मोडला. मॅडम म्हणाल्या, रोज त्यांच्याकडे अशा बायका येतात आणि एकीलाही वाटत नाही की दुसरीला असं होतं. बाळंतपणानं खालचे स्नायू सैल पडतात. त्यांनाही कसरत लागते, जशी हातापायांना लागते.

आधी काही महिने उड्या नाहीतच. पडून, बसून, आतून आवळायचं आणि सोडायचं. भाकरी थापताना, गाडीची वाट बघताना, कुणाला पत्ता लागत नाही. मग त्या ट्रॅम्पोलीनवर भिंत धरून उभं राहायचं आणि नुसतं डुलायचं, पाय न उचलता, वर येताना आवळून. पहिल्या दिवशी त्यावरही ओली झाले. फेकून देणार होते. मॅडम म्हणाल्या, ओलं झालं म्हणजे घाई झाली, थोडं मागे या, सोडू नका. प्रत्येकीला लगेच उड्या चालत नाहीत असंही त्यांनी बजावलं. कुणाचं अंग, म्हणजे पिशवी, खाली उतरलेलं असतं, कुणाला दुसरंच काही असतं, आधी दाखवायला हवं. मी दाखवलं, थोडं मागे गेले, सोडलं नाही. आता पाय कापडावरून सुटतात. सर्दीत सलग शिंका आल्या तर अजून थेंब जातो, खोटं नाही बोलणार. पण मागच्या महिन्यात टपरीवर ह्यांच्या एका बाष्कळ विनोदावर मी पोट धरून हसले आणि काही झालं नाही. हे माझ्याकडे बघतच राहिले. म्हणाले, तू अशी हसायचीस हे मी विसरलोच होतो.

त्या दिवशी ह्यांना सगळं सांगितलं. दुसऱ्या दिवशी ह्यांनी ओसरीच्या भिंतीला धरायला एक दांडी ठोकली. लोक हसतात हे वाक्य त्यानंतर घरात ऐकलं नाही.

आता शेवटचं, आणि ह्याच्यासाठीच दाराला कडी लावायला सांगितली.

तू एकवीरेच्या पायऱ्यांवर मधेच बसलीस आणि चक्कर आली म्हणालीस. तुला चक्कर नव्हती आली. तू पदर मांडीखाली घेऊन बसली होतीस. दत्तूभावाच्या घरभरणीला तू शिंक आली की पायावर पाय टाकायचीस. प्रवासात पाणी पीत नाहीस. दर कार्यक्रमात दाराजवळची जागा धरतेस. फुगडीला कुणी ओढलं की गुडघे पुढे करतेस, आणि त्या दिवशी स्वतः न खेळता मला ओढलंस. ज्याचं जळतं त्यालाच कळतं, अक्का. तसं बसणं मी लांबून ओळखते, इतकी वर्षं मी तशीच बसत आलेय.

आपण दोघी एका ताटात जेवलो आणि एकमेकींपासून हेच लपवलं. आईनंही लपवलं असेल. आता कोमल आई होणार आहे. तिच्यापासूनही लपवायचं?

मी पंधरा तारखेला येणार आहे. पिस्ता साडी नेसून, तीच. हळदीचा डाग पदराला अजून आहे, तो मी मुद्दाम घासला नाही. तुला मला परत पाठवायचं असेल तर निरोप्याकडून नको, दारात उभी राहून माझ्या तोंडावर सांग. मग मीही तिथंच, सगळ्या बायकांसमोर, ह्या कागदात लिहिलंय ते मोठ्यानं सांगेन. माझंच सांगेन, तुझं नाही. तुझं सांगायचं का नाही, ते तुझ्या हातात.

आणि घरात घेतलंस, तर ओटी भरून झाल्यावर बायका फुगडी म्हणतीलच. तू गुडघे पुढे करशील. मी हात पुढे करेन. फिरायचं नाही, नुसती हात धरून उभी राहा.

ह्यांच्या टेम्पोत मागे एक गोल वस्तू असेल, वर वाल नसतील. बंगल्यातली माझी मी ठेवली, ही दुसरी आहे, तुझ्यासाठी. विचारतील त्यांना सांग, बाळासाठी मावशीनं आणलंय.

तुझी,
आणि आता बहुतेक दिवस कोरडी,
उजी